चाळीस दिवसांचा हिशोब

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, सिगरेट सोडतोय. ते निकोटिनचं च्युइंगम घेऊ की नको? ऑफिसातले म्हणतात, त्याशिवाय जमतच नाही." मी पटकन म्हणून गेलो, "तुझ्या आजोबांनी बिडी सोडली तेव्हा ते च्युइंगम बाजारात आलंही नव्हतं." फोन ठेवला आणि वाटलं, आपण जे ठोकून दिलं ते तपासून तरी बघावं. त्यातून पुस्तकं निघाली, जुने कागद निघाले, आणि ही पोस्ट तयार झाली. लांबली आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा. (नुसता चहा!)

आधी च्युइंगमचाच जन्म सांगतो, कारण तो मजेदार आहे. १९६७ साली स्वीडनमधल्या लुंड गावच्या दोन संशोधकांना असं दिसलं की पाणबुडीवरचे खलाशी, ज्यांना खाली समुद्राच्या पोटात सिगरेट पेटवायची बंदी असते, ते तोंडात तंबाखू धरून वेळ काढतात. ही गोष्ट त्यांनी हेलसिंगबोर्गच्या एका औषध कंपनीत काम करणार्‍या ओव्हे फर्न्यो या रसायनशास्त्रज्ञाला कळवली. फर्न्योसाहेब स्वतः सिगरेट ओढणारे. त्यांनी त्यावरून निकोटिन घातलेलं च्युइंगम बनवायला घेतलं. ते पहिल्यांदा विक्रीला आलं १९७८ साली, स्वित्झर्लंडमध्ये. अमेरिकेत परवानगी मिळायला १९८४ उजाडलं. आमच्या भाऊंनी (म्हणजे माझ्या वडिलांनी, वसईत बर्‍याच घरांत वडिलांना भाऊ म्हणतात हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो) बिडी सोडली ती सत्तरच्या दशकाच्या मध्यावर. म्हणजे मी फोनवर खोटं बोललो नव्हतो.

पण मग पुढचा प्रश्न उभा राहतो. तंबाखू आपल्याकडे आली चारशे वर्षांपूर्वी. च्युइंगम आलं काल-परवा. मधल्या काळात ज्यांनी ज्यांनी सोडली, त्यांनी कशाच्या जोरावर सोडली? "मनाच्या निर्धारावर" हे उत्तर मला पुरत नाही. निर्धार दर एक जानेवारीला सगळ्यांकडेच असतो.

तंबाखू हा शब्दच पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, आणि आमच्या वसईला तर त्यांच्या बरोबर दोनशे वर्षं काढावी लागली. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं तह करून वसई त्यांना दिली, १५३६ पासून किल्ल्याचं काम सुरू झालं, आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो घेतला. या मुदतीत पश्चिम किनार्‍यावर अमेरिकेतून काय काय उतरलं! मिरची, अननस, पेरू, काजू. आणि त्याच गर्दीत तंबाखू. मिरचीशिवाय आज आपला संसार चालत नाही, त्यामुळे पोर्तुगीजांना सरसकट शिव्या घालता येत नाहीत.

सोळावं शतक संपता संपता ती दख्खनभर पोचली होती. अकबराचा असद बेग नावाचा सरदार विजापूरला वकिलीवर गेला होता. तिथल्या बाजारात त्याला ही नवलाची वस्तू दिसली, आणि १६०४-०५ च्या सुमारास त्यानं ती रत्नजडित नळीसकट बादशहापुढे पेश केली. हे त्यानं स्वतः लिहून ठेवलं आहे. अकबरानं दोन-चार झुरके घेतले. दरबारचा हकीम म्हणाला, आमच्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही, वापरू नये. असद बेग म्हणाला, फिरंगी लोक काही मूर्ख नाहीत, ते वापरतात म्हणजे काही तरी असेल. हकिमानं ऐकवलं की फिरंग्यांचं अनुकरण करायचं आम्हाला कारण नाही. वाद छान रंगला. बादशहानं स्वतः सवय लावून घेतली नाही, पण सरदारांना वाटलेली तंबाखू बघता बघता पसरली, व्यापारी आणू लागले. १६१७ मध्ये जहांगीरनं बंदीचं फर्मान काढलं. त्याचा काय उपयोग झाला ते आपण जाणतोच.

या सगळ्यात मला सर्वात धक्का देऊन गेली ती तुकोबांची गाथा. गाथेत तंबाखू ओढणार्‍याला झोडपणारा अभंग आहे! तुकोबा गेले १६५० ला. विजापूरच्या बाजारातल्या नवलाईपासून देहूच्या कीर्तनापर्यंत यायला या झाडाला जेमतेम चाळीस-पन्नास वर्षं लागली, आणि तेवढ्यात ती संतांनी रागवावं इतकी घराघरात शिरली होती. वनस्पतीचा इतका झपाट्याचा प्रसार मी तरी दुसरा पाहिला नाही. (बटाट्याला कितीतरी जास्त वेळ लागला.)

तर बादशहाची बंदी चालली नाही. मग चाललं काय? माझ्या मते, व्रत.

व्रत म्हटलं की आजच्या मंडळींना सोवळं-ओवळं आठवतं. पण व्रताचा सांगाडा बघा. एक वस्तू ठरवून सोडायची. सुरू करायचा दिवस पंचांगानं ठरवलेला, संपवायचा दिवसही ठरलेला. आणि घरच्यांना, शेजार्‍यांना माहीत असतं की अमक्यानं अमकं सोडलंय. चातुर्मासात आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत कुणी कांदा-लसूण सोडतो, कुणी वांगं, आणि जुन्या नेमांच्या यादीत तांबूल, म्हणजे विडा, सोडणंही आहे. विड्यात तंबाखू घालणार्‍याची तंबाखूही त्याबरोबर आपसूक सुटायची. चार महिने!

वसईत याला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे आमचे ख्रिस्ती शेजारी. त्यांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि ईस्टरला संपतो. रविवार वगळले तर बरोबर चाळीस दिवस. या काळात लग्नं नाहीत, शुक्रवारी क्रूसाची वाट, आणि प्रत्येकानं आपापल्या आवडीचं काही तरी सोडायचं. कुणी मटण-मासे, कुणी दारू, आणि पुष्कळ पुरुष मंडळी बिडी-सिगरेट. लहानपणी आम्हाला उपवासकाळ लागला हे कॅलेंडरवरून कळायचं नाही, बावखलाच्या काठी संध्याकाळी बसणार्‍या काकांच्या हातात बिडी नसायची त्यावरून कळायचं. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. वसईत आता बुजवलेली बावखलंच जास्त, पण तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.

भाऊंची बिडी या उपवासकाळातच सुटली, आणि ती सोडवली शेजारच्या काकांनी. नाव लिहीत नाही, त्यांची मुलं हा ब्लॉग वाचतात आणि त्यांना ओळखायला नावाची गरज नाही. आमची वाडी पानवेलीची. म्हणजे घर चालायचं तेच मुळी दुसर्‍यांच्या विड्यावर, त्यामुळे व्यसनाविरुद्ध प्रवचन करायची आमची टाप नव्हती. भाऊ पहाटे वाडीत शिरले की पहिली बिडी, पाणी लावून झालं की दुसरी, असा रतीब रात्रीपर्यंत. त्या वर्षी थंडीत खोकला बसला तो हटेना. मोघेपणानं सगळेच सांगत होते, सोडा म्हणून. भाऊ हो म्हणायचे आणि काडी ओढायचे.

राखेच्या बुधवारी काका कपाळावर राखेची खूण घेऊन बांधावर आले. भाऊंनी सवयीनं बंडल पुढे केला. काका म्हणाले, "आजपासून चाळीस दिवस माझी बंद." भाऊ हसून म्हणाले, "तुमचं बरं आहे, तुम्हाला देवानं मुदत घालून दिलीय. आम्हाला कायमची सोडा म्हणतात." काका म्हणाले, "मग तू पण माझीच मुदत घे. चाळीस दिवस. पुढचं पुढे." आणि तो अर्धा संपलेला बंडल त्यांनी भाऊंकडून मागून घेतला, ईस्टरला परत द्यायच्या बोलीवर.

आई सांगायची, पहिले चार-पाच दिवस घरात कुणी भाऊंशी बोलायचं नाही. भाताला मीठ कमी पडलं तरी आकाशपाताळ. रात्री झोप नाही. वाडीत जाऊन नुसते येरझार्‍या घालायचे. पण रोज संध्याकाळी काका बांधावर यायचे आणि दोघं काही न बोलता बसायचे. दोघांचीही तलफ एकाच वेळी यायची म्हणे. दोन आठवड्यांनी माणूस जरा माणसात आला. महिन्यानंतर भूक वाढली.

ईस्टरला काका फराळाच्या ताटाबरोबर तो बंडल घेऊन आले. बोली म्हणजे बोली. भाऊंनी तो घेतला आणि फडताळात ठेवला. ओढला नाही. का नाही ओढला हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "ओढायची बंदी संपली होती ना." मला हे उत्तर कळायला बरीच वर्षं लागली. तो बंडल पुढच्या पावसाळ्यात बुरसला आणि आईनं चुलीत घातला. काकांनी मात्र ईस्टरच्या संध्याकाळी पेटवली, आणि पुढे दर वर्षी चाळीस दिवस सोडून परत पेटवत राहिले. हेही लिहायला हवं, नाहीतर ही चमत्काराची गोष्ट होईल.

आता यात शास्त्र किती ते बघू. निकोटिन रक्तातून फार लवकर उतरतं. साधारण दोन तासांत त्याचं प्रमाण निम्मं होतं, म्हणून तर सिगरेट ओढणार्‍याला तासा-दोन तासांनी हुक्की येते. पूर्ण सोडल्यावर तीन-एक दिवसांत ते शरीरातून जवळजवळ गेलेलं असतं, आणि नेमका तोच आठवडा सर्वात वाईट. चिडचिड, झोप उडणं, लक्ष न लागणं, अस्वस्थपणा. मग ते ओसरत जातं आणि बहुतेकांच्या बाबतीत तीन-चार आठवड्यांत शारीरिक त्रास निवलेला असतो. उरते ती आठवण. चहानंतर, जेवणानंतर, पहिल्या पावसात, भांडण झाल्यावर. ती महिनोन्महिने पुरते.

म्हणजे चाळीस दिवसांची मुदत शरीराचा त्रास पार करून आठ-दहा दिवस वर उरते. चातुर्मास तर त्याहून किती मोठा. ज्यांनी या मुदती ठरवल्या त्यांच्या डोळ्यांपुढे तंबाखू नव्हती, उपवासकाळ तर तंबाखू जुन्या जगाला माहीत व्हायच्या हजारभर वर्षं आधीचा. पण तंबाखूला त्या मापात बसल्या. भाऊंना काकांनी "कायमची सोड" म्हटलं असतं तर ते हसले असते. चाळीस दिवसांनी ते अशा जागी पोचले की आता ओढायची की नाही हे त्यांचं त्यांना ठरवता येत होतं, तलफ ठरवत नव्हती. त्यांचं ते उत्तर मी असं लावतो.

रमजानचा महिना याच्याशी ताडून बघण्यासारखा आहे. रोजेदार सूर्योदयाआधीपासून सूर्यास्तापर्यंत पाणीही घेत नाही, धूर तर नाहीच. बारा-चौदा तास तलफ मारता येते हे तो महिनाभर रोज सिद्ध करतो. पण इफ्तार झाल्यावर पेटवायला मोकळीक असल्यानं रक्तातलं निकोटिन रोज पुन्हा भरलं जातं. माझे नालासोपार्‍याचे एक मित्र म्हणायचे, मी वर्षातून तीस वेळा सोडतो. त्यांनी पुढे कायमची सोडली ती रमजानमध्येच, इफ्तारनंतरची एक टाळून. पहिली टाळली की बाकीच्यांचं काही नाही, म्हणाले.

व्रताचाच राजकीय भाऊ म्हणजे बहिष्कार. १९०५ नंतर स्वदेशीच्या लाटेत विलायती सिगरेटी फेकल्या गेल्या, पुढे गांधींच्या चळवळींत पुन्हा फेकल्या गेल्या. (गांधींनी स्वतः पोरवयात राजकोटला काकांची थोटकं ओढून, मग नोकराचे पैसे चोरून तो नाद केला आणि सोडूनही दिला, हे आत्मकथेत त्यांनीच सांगितलंय.) हजारो लोकांनी एका दिवसात सिगरेट सोडली, कसल्याही औषधाशिवाय. पण त्यांतल्या बर्‍याच जणांनी टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली स्वदेशी बिडी हातात घेतली. त्याच काळात बिडीचा धंदा वाढला, आणि सिन्नर, निपाणी ही नावं बिडी आणि तिच्या तंबाखूसाठी घरोघर झाली. देशाच्या दृष्टीनं ठीक असेल, फुप्फुसाला कुठलं स्वदेशी-विदेशी! थोडक्यात, काय सोडायचं ते नीट ठरवलं नाही तर व्रतसुद्धा पळवाट काढतं.

आता जरा इंग्लंडात जाऊन येऊ, कारण औषधाशिवाय सोडणार्‍यांची सर्वात मोठी नोंद तिथे झाली. लंडनच्या वीस इस्पितळांतल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी प्रश्न विचारले. डॉल यांचा स्वतःचा संशय रस्त्यावरच्या डांबरावर होता. उत्तरं जमत गेली तशी सगळी बोटं सिगरेटकडे वळली. डॉल सिगरेट ओढायचे. अहवाल १९५० मध्ये छापून यायच्या आधीच त्यांनी ती टाकून दिली! आपलेच आकडे बघून. १९५१ मध्ये या दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवली, तुम्ही ओढता का, किती ओढता. चाळीस हजारांच्या आसपास उत्तरं आली आणि पुढे पन्नास वर्षं त्या डॉक्टरांचा माग ठेवला गेला. डॉक्टर लोक एकेक करून सोडत गेले. च्युइंगम नाही, पट्टी नाही. २००४ च्या शेवटच्या अहवालातले आकडे भाच्यासाठी मुद्दाम देतो. तिसाव्या वर्षी सोडली तर साधारण १० वर्षांचं आयुष्य वाचतं, चाळिशीत ९, पन्नाशीत ६, आणि साठीत सोडली तरी ३. भाऊंनी सोडली तेव्हा ते चाळीसच्या आतबाहेर होते.

आपल्याकडेही हे काम तितक्याच लवकर झालं, फक्त आपल्याला त्याची माहिती नसते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी वेगवेगळ्या जमातींच्या सवयी आणि त्यांचे कर्करोग यांचा संबंध शोधायला सुरुवात केली. १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला, ओढणं आणि चघळणं या दोन्हींचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखवणारा. डॉल यांना फक्त सिगरेट दिसत होती, खानोलकरांना मुंबईत बिडी, विडा, तंबाखूची चिमूट, सगळंच समोर होतं.

पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकार्‍यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकर्‍यांची तोंडं तपासली. लाखभर तोंडं, बॅटरी घेऊन, गावोगाव! तो अहवाल १९७२ चा. पण मला त्यांचा नंतरचा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. केरळात इर्नाकुलम, गुजरातेत भावनगर, आंध्रात श्रीकाकुलम, या तीन जिल्ह्यांतल्या खेड्यांत मिळून ३६ हजारांहून जास्त तंबाखू खाणारे-ओढणारे त्यांनी निवडले. श्रीकाकुलमला तर बायका चुट्ट्याचं जळतं टोक तोंडाच्या आत धरून ओढतात. या लोकांना औषध काहीच दिलं नाही. दर वर्षी माणूस घरी जायचा, तोंड तपासायचा, समजावून सांगायचा. जोडीला चित्रं, सिनेमा, रेडिओ. पाच वर्षांचे निष्कर्ष १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. इर्नाकुलमला आधीच्या तुलनेच्या गटापेक्षा सोडणारे आणि कमी करणारे वाढले होते, आणि तोंडात नव्यानं उठणारे पांढरे चट्टे, जे पुढे कर्करोगात जाऊ शकतात, ते घटले होते.

पुढच्या वर्षी कुणी तरी आपल्याला विचारायला येणार आहे. बस, एवढाच उपचार. इथे मला बांधावर येऊन बसणारे काका दिसतात.

आमच्या पट्ट्यात हेच काम श्रीबैठकींनी केलं. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ मध्ये मुंबईत गोरेगावला निरूपण सुरू केलं, आणि तिथून या बैठकी रायगड, ठाणे, आमच्या वसई-विरार-पालघरपर्यंत पसरल्या. आठवड्याचा ठरलेला वार, ठरलेली वेळ, दासबोधाचं निरूपण. मी स्वतः बैठकीतला नाही आणि त्यातल्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असंही नाही. पण दारू आणि तंबाखू सुटलेली घरं मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहेत. तिथेही गोळी नाही. पुढच्या आठवड्याला त्याच माणसांसमोर जाऊन बसायचं असतं.

म्हणून भाच्याला माझं उत्तर असं. च्युइंगमला नावं ठेवू नकोस. सिगरेट पूर्ण बंद करून ते नीट वापरलं तर यशाची शक्यता साधारण निम्म्यानं वाढते असं कितीतरी चाचण्यांत दिसलंय, आणि दिवसाला दोन पाकिटं ओढणार्‍यानं डॉक्टरला विचारून ते जरूर घ्यावं. पण "त्याशिवाय जमतच नाही" हे साफ खोटं. ऑस्ट्रेलियाचे सायमन चॅपमन यांनी २०१० मध्ये जुना अभ्यास चाळून दाखवलं की कायमची सोडलेल्यांतले दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश लोक कुठल्याही मदतीशिवाय सोडतात, आणि संशोधन मात्र जवळजवळ सगळं गोळ्या-औषधांवर होतं. कारण उघड आहे, नुसतं सोडण्यात कुणाला काही विकता येत नाही. आपल्याकडच्या २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीतही, सोडायचा प्रयत्न केलेल्या दहा ओढणार्‍यांपैकी सात जणांनी तो मदतीविना केला होता. फक्त ही "मदतीविना" ची गणती कागदावरची आहे. भाऊसुद्धा त्या कागदावर मदतीविनाच्या रकान्यात गेले असते.

राहिली आमची विरार लोकल. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईच्या बॅकबेला पहिली गाडी सुटली तेव्हापासून ही लाइन आमच्या आयुष्याचा हिशोब ठेवते. पूर्वी डब्यात बिनदिक्कत बिड्या पेटायच्या. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यात १६७ वं कलम आहे, ते मला फार आवडतं. डब्यातल्या दुसर्‍या प्रवाशानं हरकत घेतली तर धूम्रपान करायचं नाही, केल्यास शंभर रुपयांपर्यंत दंड. कायद्यानं शेजार्‍याच्या हातात दिलेली सोटी! मग मुंबईचेच मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयानं सार्वजनिक जागी, रेल्वेतही, धूम्रपानाला बंदी घातली. २००३ चा कायदा आला, २ ऑक्टोबर २००८ पासून कचेर्‍या, उपाहारगृहं, सगळीकडे नियम कडक झाले. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर, जाऊन-येऊन तीन तास. माझ्या चुलतभावाची सिगरेट याच तीन तासांनी कमी होत होत सुटली. त्या गर्दीत हात खिशापर्यंत जात नाही, तोंडापर्यंत कुठून जाणार!

पण त्याच २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्राचे आकडे आहेत. ओढणारे प्रौढ ३.८ टक्के. खाणारे, म्हणजे तंबाखू-चुना, मावा, मशेरी, खर्रा वगैरे, २४.४ टक्के. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी असताना. धूर दिसतो, वास येतो, शेजारी हरकत घेतो, बायको कपड्यांवरून ओळखते. गालातली चिमूट कुणालाच दिसत नाही. विरारच्या ८.१० ला दारात उभा असलेला माणूस तळहातावर मळतो, दोनदा थाप मारतो, खालच्या ओठात सरकवतो आणि बोरिवलीपर्यंत तोंड मिटून शांत उभा राहतो. १६७ वं कलम त्याला लागू होत नाही.